कर्णवेध : छिद्र लहान, जबाबदारी मोठी

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण. मेळाव्यास येऊ न शकलेल्या हितचिंतकांसाठी ते येथे देत आहोत.)



वार्षिक मेळाव्यात प्रशासकाने काय बोलावे, याचा एक रिवाज ठरून गेलेला आहे. नवी यंत्रसामग्री, वाढलेल्या खाटा, झालेल्या शस्त्रक्रिया आणि शेवटी जमाखर्च. तो सर्व तपशील अहवालाच्या पुढील पानांत कोष्टकांसह दिलेला आहे, म्हणून येथे त्याची पुनरुक्ती करीत नाही. आज एका अगदी छोट्या सेवेविषयी बोलण्याची अनुज्ञा आपणांकडे मागतो. ही सेवा म्हणजे लहान मुलांचे कान टोचणे.

विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले दिसते आणि ते स्वाभाविकही आहे. या सेवेविषयी आम्हाला दोन बाजूंनी दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. काही देणगीदार विचारतात, "धर्मादाय रुग्णालयाने असल्या हौसेच्या कामात का पडावे? हे काम सोनाराचे." आणि बाळाला घेऊन आलेल्या आजी विचारतात, "टोचता तर मग बाराव्या दिवशी का टोचत नाही?" एकाला वाटते आम्ही अधिक करतो, दुसरीला वाटते आम्ही अडवतो. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत आणि त्यांना नीट उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकातील जे काही येथे सांगू, ते आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून व कान-नाक-घसा विभागाच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे. हिशेबाचे मात्र आमचे स्वतःचे.

प्रथम परंपरेविषयी. कर्णवेध हा आपल्या सोळा संस्कारांत गणला जातो. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत बारशाच्या दिवशीच सोनाराला बोलावून बाळाचे कान टोचण्याची पद्धत आहे. सोनार सोन्याची बारीक तार घेऊन येतो, बाळ आत्याच्या किंवा मामीच्या मांडीवर असते, क्षणभर रडणे होते आणि सोनाराच्या हाती नारळ, विडा, दक्षिणा देऊन त्याचा मान केला जातो. 'सोनारानेच कान टोचावे' ही आपली म्हण याच प्रथेतून आलेली. जे काम ज्याचे, ते त्यानेच केले म्हणजे नीट होते, हा तिचा अर्थ. या परंपरेला नावे ठेवण्याचा आमचा यत्किंचितही हेतू नाही. कानाच्या पाळीचा नेमका मध्य साधणे हे नजरेचे काम आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्यांची नजर तयार असते.

परंतु परंपरा म्हटली की आपण बहुधा आजीच्या आठवणीपर्यंतच मागे जातो. त्याहून मागे गेल्यास काही निराळेच आढळते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कान टोचणे व तुटलेला कान सांधणे या विषयालाच वाहिलेला आहे. बाळाचे कान रक्षणासाठी व भूषणासाठी टोचावेत असे तेथे सांगितले आहे. कोणत्या वयात? सहाव्या किंवा सातव्या महिन्यात. बाळाला दाईच्या मांडीवर बसवावे, खेळण्यांनी रमवावे, कान सूर्यप्रकाशात धरून पाळीतील नैसर्गिक जागा पाहावी, तेथेच सरळ वेध करावा, मुलाचा उजवा व मुलीचा डावा कान आधी टोचावा, मग कापसाची वात घालून तेल सोडावे, अशी बारीकसारीक माहिती तेथे आहे. भलत्या जागी वेध झाल्यास कोणत्या शिरा दुखावतात आणि त्याने काय त्रास होतो, हेही सांगितलेले आहे. याच अध्यायात फाटलेली पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार वर्णिलेले आहेत. जगभरातील शल्यचिकित्सक सुश्रुताचे नाव आदराने घेतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणजेच, ज्या ग्रंथाचा आपण अभिमान बाळगतो, त्यानेही कान टोचणे ही शस्त्रक्रिया मानली आहे. लहान का असेना, पण शस्त्रक्रिया. तिला वय आहे, जागा आहे, उजेड आहे, मांडीचा आधार आहे आणि नंतरची काळजीही आहे. "हे काम रुग्णालयाचे कसे?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

उरलेले अर्धे उत्तर आजच्या वैद्यकातून मिळते. बाळाला ताप आला, खोकला झाला, तर ते दुखणे त्याच्याकडे आपल्या पायांनी येते. कान टोचण्याची जखम मात्र आपण होऊन, मुहूर्त पाहून, पेढे वाटून करतो. जी जखम टाळता येण्यासारखी होती आणि तरीही आपण हौसेने केली, तिच्यातून बाळाला अपाय झाला तर दैवाला बोल लावता येत नाही. म्हणूनच तिच्यात काय काय बिघडू शकते ते ठाऊक असणे आवश्यक आहे.

पहिला विषय धनुर्वाताचा. सन २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता व नवजात शिशूंच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. ही देशासाठी मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे. मात्र येथे निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण असा आहे. देवीप्रमाणे हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झालेला नाही, होणारही नाही, कारण त्याचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. आपले रक्षण केवळ लस करते. गरोदरपणी आईने लस घेतली असेल तर बाळाला जन्मतः काही काळ संरक्षण असते. ती घेतली नसेल, किंवा घेतल्याची नोंद नसेल, तर बारा दिवसांच्या बाळाजवळ या रोगाविरुद्ध काहीही नसते. बाळाची स्वतःची धनुर्वाताची लस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लसीतून दिली जाते. घटसर्प, डांग्या खोकला आणि कावीळ 'ब' यांपासून रक्षण करणारे घटकही त्याच लसीत असतात.

दुसरा विषय सुईचा. एकच सुई किंवा तार पुसून, ज्योतीवर धरून, दुसऱ्या व तिसऱ्या बाळासाठी वापरली, तर एकाच्या रक्तातील विषाणू दुसऱ्याच्या रक्तात जाण्याचा धोका राहतो. कावीळ 'ब', कावीळ 'क' आणि एचआयव्ही हे तिन्ही रक्तावाटे पसरणारे आहेत. जत्रेत किंवा बाजारात कान टोचणाऱ्या स्प्रिंगच्या बंदुकीविषयीही हेच म्हणता येईल. तिच्या प्लास्टिकच्या भागांना वाफेच्या उष्णतेने निर्जंतुक करता येत नाही, आणि नुसत्या फडक्याने पुसणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे.

तिसरा विषय जागेचा. कानाची पाळी मऊ असते, तिला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि तिची जखम साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांत भरते. कानाचा वरचा भाग कूर्चेचा असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरील पातळ आवरणातून तिचे पोषण होते. तेथे जंतुसंसर्ग झाला की औषध पोहोचणे कठीण होते, कूर्चा गळते आणि कान कायमचा चुरगळल्यासारखा होऊ शकतो. सन २००० मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एका दागिन्यांच्या दुकानात कानाचा वरचा भाग टोचून घेतलेल्यांमध्ये अशी साथ उद्भवली होती. सात जणांत संसर्ग निश्चित झाला, आणखी अठरा जणांत तो झाल्याचा संशय होता. काहींवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि काहींच्या कानांचा आकार बिघडला. तपासात आढळले ते विचार करण्यासारखे आहे. जंतुनाशक फवारण्याची जी बाटली तेथे वापरात होती, तिच्यातच ते जंतू वाढलेले होते. स्वच्छतेचे साधन हाताशी असणे पुरेसे नाही, ते स्वतः स्वच्छ आहे की नाही हे पाहणारे कोणीतरी असावे लागते. दवाखाना आणि दुकान यांत खरा फरक असेल, तर तो या पाहण्याचाच आहे.

अलीकडे मुलग्यांना भिकबाळी घालण्याची हौस पुन्हा वाढली आहे. पेशवाईतील चित्रे पाहून पालक लहानग्यांच्या कानाचा वरचा भाग टोचण्याची मागणी करतात. आम्ही नम्रपणे नकार देतो. मुलगा मोठा होऊन, धोका समजून घेऊन स्वतः ठरवील तेव्हा अवश्य घालावी. बाळाच्या कूर्चेवर आमच्या रुग्णालयात सुई चालविली जात नाही.

चौथा विषय धातूचा. स्वस्त नकली दागिन्यांत निकेल असू शकते आणि ताज्या जखमेतून त्याचा संपर्क आला की त्वचेला त्याची कायमची वावडी जडू शकते. मग पुढे घड्याळाचा पट्टा, पट्ट्याचे बक्कल, जीनच्या पँटचे बटण लागले तरी खाज सुटते. युरोपीय संघाने सन १९९४ मध्येच अशा वस्तूंतील निकेलवर निर्बंध घालणारा निर्देश काढला होता. आपल्याकडे सुदैवाने पहिल्या बाळीसाठी सोनेच घेण्याची रीत आहे. बावीस कॅरट म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध सोने. जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला असल्याने ग्राहकाला आता खात्री करून घेणे सोपे झाले आहे. गुंजभर सोने पुरते. पहिली बाळी जितकी हलकी, तितकी बरी.

आता आमच्या नियमांकडे वळतो. बाळाचे चार महिने पूर्ण झाल्याशिवाय आणि चौदाव्या आठवड्याची लस घेतल्याची नोंद लसीकरण पत्रिकेत पाहिल्याशिवाय आम्ही कान टोचत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्यास, घराण्यात रक्त न गोठण्याचा विकार असल्यास, किंवा जखमेवर जाड वण उठण्याची, म्हणजे केलॉइडची, प्रवृत्ती असल्यास आधी डॉक्टरांची भेट घ्यावी लागते. ताप, सर्दी किंवा कानाजवळ पुरळ असल्यास पुढची तारीख दिली जाते.

नेमक्या याच नियमावर आजींशी आमचा वाद होतो. लसीकरणाच्या खोलीबाहेर एका आजींनी आमच्या सिस्टरना विचारले, "अहो बाई, बाराव्याला टोचले नाही तर कान निबर होतात. मग जास्त दुखतं. आमची सगळी मुलं बाराव्यालाच टोचली, कुणाला काय झालं?" सिस्टर म्हणाल्या, "आजी, तुमच्या मुलांना काही झालं नाही, हे देवाचे उपकार. पण त्या वेळी गावात कुणाचं बाळ दातखीळ बसून गेलं होतं का?" आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याच आळीत गेलं होतं. पण ते दृष्ट लागून गेलं म्हणायचे." ते बाळ कशाने गेले हे आज कोणीच सांगू शकणार नाही. नाळेची जखम असेल, अन्य काही असेल. परंतु आजींनी पत्रिका उघडून चौदाव्या आठवड्याची तारीख स्वतः वाचून घेतली आणि त्या तारखेनंतरचा गुरुवार मागून घेतला.

आजींच्या म्हणण्यात तथ्य नाही असेही नाही. पाळी जितकी कोवळी, तितके टोचणे सोपे, हे खरेच आहे. परंतु चार-सहा महिन्यांत पाळी निबर होत नाही. म्हणून आम्ही कुटुंबीयांना एक पर्याय सुचवितो. बारसे बाराव्या दिवशी थाटाने करावे आणि कर्णवेध उष्टावणाच्या सुमारास, सहाव्या महिन्यात करावा. तोवर बाळाच्या तीनही लसी पूर्ण होतात, मान सावरलेली असते, वजन वाढलेले असते. सुश्रुताने सांगितलेला काळही तोच आहे. कोणताही संस्कार वगळावा लागत नाही, केवळ तारीख पुढे जाते. ज्या घरांनी हे मान्य केले, त्या घरांत आता उष्टावणाच्या आमंत्रणातच कान टोचण्याचा उल्लेख असतो, हे सांगावयास आम्हाला समाधान वाटते.

प्रत्यक्ष काम कसे चालते, तेही सांगतो. दर गुरुवारी लसीकरणाचे काम आटोपल्यावर ही सेवा दिली जाते. दागिना कुटुंबाने आपल्या सोनाराकडून आणावयाचा. तो साधा, खडे किंवा मोती नसलेला असावा, म्हणजे वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करता येतो. सिस्टर पाळीवर दोन्ही बाजूंना खूण करतात आणि आई-वडिलांना समोरून पाहावयास सांगतात. त्यांनी मान्य केल्यावरच पुढचे पाऊल. खूण फार खाली आली तर मोठेपणी जड दागिन्याने पाळी फाटते. अशा फाटलेल्या पाळ्या सांधून घेण्यासाठी प्रौढ स्त्रिया आमच्याकडे येतात आणि त्यांपैकी कित्येकींचे छिद्र मुळातच काठाजवळ असते. बाळाला आईने पाजावयास घ्यावे असे आम्ही सुचवितो, कारण अंगावर पिताना बाळाला वेदना कमी जाणवतात हे वैद्यकाने तपासून पाहिलेले आहे. कोणता कान आधी, ते कुटुंबाने सांगावे. त्यात वैद्यकाचे काही अडत नाही आणि घरच्यांचे मन राखले जाते. प्रत्येक बाळासाठी नवी, सीलबंद सुई फोडली जाते, तीही पालकांच्या समोर. वापरलेली सुई जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जाते.

या व्यवस्थेत सोनाराला आम्ही बाहेर ठेवलेले नाही. परिसरातील काही सुवर्णकार बंधूंशी बोलून आम्ही एक रीत बसविली. कुटुंबाची इच्छा असल्यास सोनारकाका गुरुवारी सोबत येतात. हात धुऊन, हातमोजे घालून, निर्जंतुक केलेल्या चिमट्याने बाळीची तार वळवून देण्याचे काम तेच करतात. टोचते सिस्टर, बाळी वळवितात सोनारकाका, आणि नारळ-विड्याचा मानही त्यांनाच मिळतो. खूण करताना त्यांच्या नजरेचा आमच्या परिचारिकांना फार उपयोग झाला, हे आम्ही या व्यासपीठावरून कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कान टोचल्याने बुद्धी वाढते, दृष्टी सुधारते, अमुक आजार होत नाही, असे दावे आपण ऐकतो. तसा कोणताही दावा रुग्णालय करीत नाही. आमच्या पत्रकात स्पष्ट छापले आहे की, कान टोचणे ही वैद्यकीय गरज नाही. ज्यांना टोचावयाचे नाही, त्यांनी टोचू नये. ज्यांना मुलगी मोठी होऊन स्वतः म्हणेपर्यंत थांबावयाचे आहे, त्यांचेही स्वागत आहे.

याच संदर्भात एक प्रसंग सांगतो. पाच वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिचे वडील आले होते. मावशीच्या लग्नाआधी कान टोचावेत अशी घरची इच्छा. खुर्चीवर बसल्यावर मुलीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि "नको" म्हणाली. समजावून झाले, खेळणे दाखवून झाले, तरी तिचे "नको" कायम राहिले. वडिलांनी सांगितले, "तुम्ही धरा, मी डोकं धरतो, एका मिनिटाचं काम आहे." सिस्टरनी नकार दिला आणि ते आमच्या कक्षात तक्रार घेऊन आले. अर्ध्या दिवसाची रजा वाया गेली, हे त्यांचे म्हणणे खरे होते. आम्ही त्यांना भरलेले शुल्क परत केले आणि एवढेच म्हणालो, "साहेब, उद्या हिला ताप आला, टाके घालावे लागले, तर हिला याच इमारतीत आणावे लागेल. त्या दिवशी तिने आमच्या सिस्टरांचा हात धरावा, असे आम्हाला वाटते." ते नाराज होऊनच गेले. मुलीचे कान पुढे टोचले की नाही, आम्हास ठाऊक नाही. तरीही सिस्टरांचा निर्णय योग्य होता असे आमचे मत आहे आणि विश्वस्त मंडळानेही तो नियम म्हणून मान्य केला आहे. पाजते बाळ आपले मत सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण अधिक जपावयाचे. जे मूल सांगू शकते, त्याचे ऐकावयाचे.

आता हिशेब. आमच्या खर्चपत्रकात या सेवेची मांडणी केली तेव्हा असे दिसले की सुई ही त्यातील सर्वांत स्वस्त वस्तू आहे. हातमोजे, जंतुनाशक, वाफेच्या यंत्राची वीज, सुयांचा डबा, कचरा वाहून नेणाऱ्या संस्थेचे शुल्क, पत्रकाची छपाई हे सर्व मिळूनही फार होत नाही. खरा खर्च वेळेचा आहे. पत्रिका पाहणे, घरच्यांशी बोलणे, खूण करणे, बाळ शांत होण्याची वाट पाहणे आणि नंतरची काळजी समजावणे यांत एका प्रशिक्षित परिचारिकेचा अर्धा तास जातो. टोचणे क्षणाचे, बाकीची एकोणतीस मिनिटे विश्वासाची. घाई केली तर खर्च निम्मा होईल. परंतु मग दुकानात आणि आमच्यात फरक काय उरेल?

काही हितचिंतकांनी सुचविले की खासगी दवाखान्यांच्या मानाने आपले शुल्क फार कमी आहे, ते वाढवावे, येथेच बाळ्या विक्रीस ठेवाव्यात, म्हणजे अन्य विभागांची तूट भरून निघेल. सूचना सद्‌हेतूची आहे. परंतु ज्या कुटुंबाला आमच्या शुल्काचे ओझे वाटेल, ते कान टोचणे रद्द करणार नाही. ते जत्रेतील टपरीकडे जाईल. म्हणजे ज्या बाळाला नव्या सुईची सर्वांत अधिक गरज, तेच बाळ आमच्या दारातून परत जाईल. तोटा ताळेबंदात दिसणार नाही, पण तो त्या बाळाच्या कानावर दिसेल. म्हणून शुल्क प्रत्यक्ष खर्चाइतकेच ठेवले आहे आणि रुग्णालयात दागिन्यांची विक्री होणार नाही.

मग सर्वांना विनामूल्य का नाही, असेही विचारले जाते. ज्यांना खर्च देणे शक्य आहे, त्यांच्या हौसेसाठी देणगीदारांचा पैसा वापरणे आम्हास योग्य वाटत नाही. धर्मादाय रुग्णालयांना एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते. तो निधी आजारी माणसासाठी आहे, म्हणून त्यातील एक रुपयाही आम्ही या सेवेकडे वळवीत नाही. ज्या कुटुंबांना शुल्क देणे शक्य नाही, त्यांचा खर्च बालसेवेसाठी म्हणून आलेल्या देणग्यांतून भागविला जातो. खिडकीवर चार लोकांसमोर कोणाला परिस्थिती विचारली जात नाही. सिस्टर पत्रिकेवर एक खूण करतात आणि तेवढ्यावर काम होते.

बालकांच्या कुटुंबीयांना या निमित्ताने चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. टोचल्यानंतर दिवसातून दोनदा, हात साबणाने धुऊन, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने पाळी दोन्ही बाजूंनी हलकेच स्वच्छ करावी. हळद, काजळ, राख, शेणी, कोणाचे सांगीव तेल यांतील काहीही जखमेवर लावू नये. बाळीशी विनाकारण चाळा करू नये. दुपट्याच्या आणि स्वेटरच्या धाग्यात ती अडकणार नाही याकडे लक्ष द्यावे. मोठ्या मुलांना फिरकीचे कुडे घालणार असाल, तर फिरकी फार घट्ट करू नये. सुजेच्या दिवसांत ती पाळीत रुतून बसते. सैल फिरकी गळून पडली तर रांगते मूल ती तोंडात घालते, म्हणून रोज पाहावी. पाळी लाल, गरम व सुजलेली झाली, पू आला, बाळाला ताप आला, किंवा सूज वर कूर्चेकडे चढू लागली, तर घरी थांबू नये. त्या तपासणीसाठी आमच्याकडे वेगळे शुल्क नाही, मग कान कोठेही टोचलेले असोत. 'तुम्ही बाहेर कशाला टोचले?' असे विचारून कोणालाही लाजविले जाणार नाही, ही आमची ग्वाही आहे. लाजेने उशिरा आणलेले बाळ बरे करणे अधिक कठीण जाते.

मान्यवरहो, रुग्णालयाच्या कामाचे मोजमाप बहुधा मोठ्या गोष्टींनी होते आणि ते योग्यच आहे. परंतु पुष्कळ कुटुंबांचा रुग्णालयाशी पहिला परिचय मोठ्या आजाराने होत नाही. तो लसीच्या रांगेत, वजनाच्या काट्यावर आणि गुरुवारच्या या खोलीत होतो. येथे त्यांना आदराने वागविले, त्यांची रीत समजून घेतली आणि जेथे धोका आहे तेथे ठामपणे थांबविले, तर पुढे खऱ्या संकटात ते आमचे ऐकतात. बाराव्या दिवसाचा कर्णवेध सहाव्या महिन्यावर नेणाऱ्या आजी पुढे शेजारणीच्या नातवाची लस चुकू देत नाहीत, हे आम्ही पाहतो आहोत.

येत्या वर्षासाठी विश्वस्त मंडळाकडे आमची विनंती माफक आहे. गुरुवारच्या या खोलीसाठी आणखी एका परिचारिकेचा वेळ मंजूर व्हावा, म्हणजे घाई न करता अधिक बाळांना सेवा देता येईल. देणगीदारांनी आपल्या नातवंडांच्या वाढदिवशी बालसेवेसाठी यथाशक्ती साहाय्य करावे. आणि येथे उपस्थित असलेल्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या नात्यागोत्यात एक निरोप पोहोचवावा : बारसे हौसेने करा, कान मात्र लस पूर्ण झाल्यावर, नव्या सुईने टोचा. मग ते आमच्याकडे टोचा, अन्य रुग्णालयात टोचा, वा हे दोन नियम पाळणाऱ्या आपल्या सोनारकाकांकडे टोचा. आम्हाला आनंदच आहे.